ओरडून झालं, आता डायबेटिसच्या पेशंटला जरा विचारूया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ नोव्हेंबर, म्हणजे जागतिक डायबेटिस दिन, जवळ आला की आपल्याकडे डायबेटिसचे कॅम्प सुरू होतात, पंचायत हॉलमध्ये, देवळाच्या मंडपात, कुठल्यातरी क्लबाच्या जागेत. बोटाला टोचून शुगर बघतात, ज्यांची जास्त येते त्यांना बाजूला बसवून भात कमी करा, गोड बंद करा, रोज चाला, गोळ्या चुकवू नका असं सांगतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. कॅम्प व्हायलाच पाहिजेत, माझी त्याबद्दल तक्रार नाही, कितीतरी जणांना आपल्याला शुगर आहे हे पहिल्यांदा तिथेच कळतं. पण कळल्यानंतर त्या माणसाशी पुढची वीस-तीस वर्षं कोणी कसं बोलायचं यावर कुठेच काही वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांब होणार आहे, जमलं तर सगळं छापा.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात फार्मसी चालवतो, बरीच वर्षं झाली. डॉक्टरच्या केबिनमधून बाहेर पडलेला माणूस पहिल्यांदा मोकळेपणाने बोलतो तो आमच्या काउंटरवर, कुठल्याही गावच्या फार्मसीवाल्याला विचारा. प्लास्टिकच्या पिशवीतून प्रिस्क्रिप्शन निघतं, घड्या घालून घालून घडीवरच फाटलेलं, त्यावर महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असतात आणि माणूस म्हणतो दहाच दिवसांच्या द्या, मग स्ट्रिप कात्रीने कापून द्यायची. का हो, विचारलं की आधी पैशाचं कारण येतं, ते खरंही असतं बऱ्याच वेळा, पण घाई न करता जरा थांबलं की त्याच्या मागचं निघतं. शुगर आता नॉर्मल आलीय मग गोळी कशाला. रोज गोळ्या खाऊन किडनी जाते असं शेजारी सांगत होता. इन्सुलिन लिहिलंय म्हणजे आता शेवटच आला. कारल्याचा रस सुरू केलाय तर गोळी एक दिवसाआड घेतो. डॉक्टरना सांगितलं का हे? नाही, ते ओरडतील.

हे "ते ओरडतील" मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की मला आता तोच मोठा प्रॉब्लेम वाटतो. कारण बघा काय होतं, गोळी अर्धीच घेतली जाते, शुगर वाढलेली दिसते, डॉक्टरला वाटतं डोस कमी पडतोय, ते डोस वाढवतात नाहीतर दुसरी गोळी जोडतात, पेशंट तीही अर्धीच घेतो, आणि मग कधीतरी मुंबईहून मुलगी येते, ती मागे लागून सगळ्या गोळ्या नेमाने द्यायला लागते आणि त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरचं काही चुकलेलं नसतं, त्यांना खरं कोणी सांगितलेलंच नसतं.

आपल्या गोव्याचा आकडा किती मोठा आहे तेही लिहितो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा इंडिॲब नावाचा डायबेटिसचा सर्व्हे २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डायबेटिसच्या जर्नलमध्ये छापून आला, २० वर्षांच्या वरचे १,१३,००० हून जास्त लोक देशभरात तपासले होते, त्यात देशाची सरासरी ११.४ टक्के आणि गोव्याची २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सगळ्यात जास्त. चार मोठ्या माणसांत एक. बसमध्ये, भजनात, लग्नाच्या पंगतीत बसलात की डावी-उजवीकडे बघा, त्यात कोणीतरी असणारच. आणि हा आजार असा की त्यातलं बहुतेक काम पेशंटलाच करायचं असतं, काय जेवायचं, किती चालायचं, गोळी कधी, इन्सुलिन कुठे टोचायचं, पायाला जखम आहे का बघायचं, वर्षातून एकदा डोळे दाखवायचे. वर्षाचे ८,७६० तास असतात, त्यातला तास-दीड तास जेमतेम डॉक्टरसमोर जात असेल, बाकी सगळा वेळ माणूस आपल्या घरात, आपल्या ताटासमोर असतो. तिथे कोणाचं ओरडणं पोचत नाही.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाची बोलण्याची एक पद्धत आहे, मी पुढे एमआय म्हणतो. मी ती आधी ऑनलाइन कोर्समधून आणि मग एका काउन्सेलर मैत्रिणीकडून शिकलो, अजूनही शिकतोय. ती डायबेटिससाठी निघालेली नाही, दारूच्या व्यसनासाठी निघाली. विल्यम मिलर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेतल्या बर्गनला गेलेले असताना तिथले तरुण काउन्सेलर त्यांना पेशंटशी बोलून दाखवायला सांगायचे आणि मधेच थांबवून विचारायचे, आत्ता हाच प्रश्न का विचारलात, ते वाक्य का सोडून दिलंत. त्या विचारण्यातून ही पद्धत कागदावर आली आणि १९८३ मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा लिहिली. पुढे स्टीफन रॉलनिक त्यांना मिळाले आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात काउन्सेलर जितका जास्त पेशंटच्या अंगावर गेला तितकी त्या पेशंटची दारू वर्षभराने जास्त निघाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या काउंटरवरचे निम्मे चेहरे आठवले.

असं का होतं ते समजायला कठीण नाही. शुगर असलेल्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात, गोळी घ्यावी असंही वाटतं आणि कंटाळाही आलेला असतो, भात कमी करावा असंही वाटतं आणि शीत-नुस्त्याशिवाय, म्हणजे भात-मासळीशिवाय, जेवल्यासारखं वाटत नाही. आपण घ्यायलाच पाहिजे, घ्यायलाच पाहिजे असं एक टोक धरून ओढलं की तो माणूस आपोआप दुसरं टोक धरतो, "हो, पण" करून सुरू होतो, आणि माणूस जे स्वतःच्या तोंडाने दहा वेळा बोलतो तेच त्याला पटत जातं. म्हणजे आपणच त्याच्याकडून न घेण्याची कारणं पाठ करून घेतो. एमआयमध्ये उलटं करतात, बदलायची कारणं त्याच्याच तोंडून येतील असं विचारायचं आणि ती आली की सोडायची नाहीत.

एक बोलणं लिहितो, माणूस ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदललंय. पूर्वी खाणीवर टिप्पर चालवायचे, आता घरीच असतात, गावच्या भजनी मंडळात आहेत. महिन्याच्या गोळ्या दीड-दोन महिने पुरायच्या. आमचं बोलणं कोकणीतच झालं, इथे मराठीत लिहितोय.

"मामा, गोळ्या नेमाने घेणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे खूप. आकडा सांगा बघू."

"पाच."

"पाच. दोन-तीन का नाही म्हणालात?"

जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "रात्री पायांना मुंग्या येतात. आणि माझ्या थोरल्या भावाचा अंगठा काढावा लागला ना. तो आता देवळाच्या पायऱ्या चढत नाही, खालूनच हात जोडतो."

"तुम्हाला ती पाळी यायला नको आहे."

"नकोच. शिगम्याला मी अजून ढोल घेऊन रोमटाच्या मिरवणुकीत असतो, सगळी रात्र."

"ते चालू राहायला हवं. मग गोळी चुकते ती कुठली?"

"सकाळची नाही चुकत. रात्रीची. भजन सुटेपर्यंत दहा वाजतात, मग घरी येऊन थोडं काहीतरी खायचं आणि झोपायचं, गोळी राहते."

"मग काय करता येईल असं तुम्हाला वाटतं?"

"जेवूनच भजनाला गेलो तर? साडेसातला. बायको म्हणतेच कधीपासून."

एवढंच. पाच मिनिटं लागली असतील. यात मी भावाच्या अंगठ्याचं काही सांगू शकलो असतो का? मला माहीतच नव्हतं. भिंतीवरच्या पोस्टरवर डायबेटिसने पाय जाऊ शकतो असं लिहिलेलं असतं, ते सगळ्यांसाठी असतं, पण खालून हात जोडणारा भाऊ हा फक्त त्यांचा होता. आणि तो "दोन-तीन का नाही" वाला प्रश्न बघा, हा एमआयमधला नेहमीचा प्रश्न आहे, आकडा कितीही येवो, त्याहून खालचा घेऊन विचारायचं. मी जर विचारलं असतं की पाचच का, दहा का नाही, तर त्यांनी मला सगळ्या अडचणी सांगितल्या असत्या, कंटाळा, पैसे, वय. प्रश्न खालच्या बाजूने विचारला म्हणून उत्तर वरच्या बाजूचं आलं. जेवून जायचा उपायही त्यांचाच, मी सुचवला असता तर "जमणार नाही हो" हे ठरलेलं. पुढच्या वेळी ते महिन्याच्या महिन्याला आले. त्यांची शुगर किती उतरली ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही, एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं.

दुसरी गोष्ट शाबासकीची आणि ऐकून घेण्याची. चवथ संपली की आमच्याकडे शुगर तपासायला येणाऱ्या बायकांची रांग लागते आणि बहुतेक जणी रिपोर्ट दाखवायच्या आधीच अंग चोरून उभ्या असतात. एक मावशी म्हणाल्या, पाच दिवसांचा गणपती, नेवऱ्या मीच केल्या, पातोळ्या मीच केल्या, खाल्ल्या, आता काय ते बोला. यावर सगळं घर जे बोलतं ते असं की एवढं सांगून तुला कळत नाही का. मी म्हटलं, सगळं घर जमलेलं, सगळं तुमच्या हातचं, आणि आपण एकटीनेच बाजूला बसायचं हे जड जातं. त्या म्हणाल्या, हो ना. मग मी म्हटलं, आणि तरी कोणी सांगायच्या आधी तुम्ही स्वतः तपासायला आलात. त्यावर त्यांचे खांदे जरा खाली आले आणि त्या स्वतःच सांगायला लागल्या की गोडापेक्षा त्या पाच दिवसांत गोळ्याच राहिल्या, पहाटेपासून चुलीपुढे, खायला वेळ नाही म्हणून गोळी नाही, दुपारी तीनला जेवायचं. गोळ्या राहिल्या हे तोपर्यंत त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. खोटी स्तुती यात चालत नाही, माणसाला लगेच कळते. जे त्याने खरोखर केलंय तेच बोलायचं, आणि शोधलं तर काहीतरी सापडतंच.

आता लोक विचारतील मग पेशंटला माहिती द्यायचीच नाही का. द्यायची, पण आधी विचारून. उकड्या तांदळाचं घ्या, गोव्यात हा विषय रोजचा आहे. कितीतरी जण मनापासून समजतात की उकडा भात शुगरला चालतो, कितीही. सरळ "चुकीचं आहे" म्हटलं की संपलं, ते दुसऱ्या फार्मसीत जातील. त्याऐवजी आधी विचारायचं, भाताबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, कोणी काय सांगितलंय. मग, एक गोष्ट सांगू का, चालेल? आणि हो म्हणाले की थोडक्यात सांगायचं की उकड्या तांदळाने शुगर सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा साधारण जरा हळू चढते हे बरोबर, पण भात तो भातच, किती वाढून घेतो त्यावर सगळं आहे. आणि मग परत विचारायचं, हे ऐकून तुम्हाला काय वाटतं? या शेवटच्या प्रश्नाला लोक जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. एकजण म्हणाले की मग रात्रीची पेज ठेवतो आणि दुपारचा भात एक डाव कमी करतो. एकजणीने सांगितलं की भात नाही सोडणार पण सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) चार उंडे (पाव) घेते ते दोन घेईन. कोणी काहीच करणार नाही म्हणतात, तेही ऐकून घ्यायचं, दार उघडं ठेवायचं, ते परत येतात. किडनीच्या भीतीचंही तसंच, किडनी खराब होते ती मुख्यतः वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने आणि बीपीने, हे माणसाने विचारल्यावर सांगितलं तर कानात जातं, भांडणात सांगितलं तर जात नाही.

रॉलनिक आणि त्यांच्या वेल्समधल्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात खास डायबेटिसच्या पेशंटसाठी एक साधी गोष्ट केली होती ती मला फार आवडते. एका कागदावर गोल काढायचे, एकेका गोलात एकेक विषय, जेवण, व्यायाम, गोळ्या, सिगरेट, आणि काही गोल रिकामे. कागद पेशंटपुढे ठेवून विचारायचं, आज यातलं कशाबद्दल बोलूया? आपल्याकडे सगळं एकदम सांगायची सवय आहे, जेवण पण चालणं पण वजन पण फेणी पण, माणूस बाहेर येतो तेव्हा डोक्यात काही उरलेलं नसतं. गोव्यासाठी असा कागद केला तर त्यात भाताचं ताट, उंडे, गोळ्या, सुई, पाय, पेग, चालणं असं चित्रांतच काढता येईल, वाचता न येणाऱ्यांनाही कळेल. आणि रिकाम्या गोलात काय येतं ते महत्त्वाचं. माझ्या अनुभवाने तिथे येते झोप, मुलाची नोकरी, नवऱ्याचं पिणं, एकटेपण. ज्या बाईला रात्रभर झोप नाही तिला सकाळी पाऊण तास चाला सांगून काय होणार, तिच्याशी आधी झोपेचं बोलायला पाहिजे.

पद्धतीच्या मर्यादा पण आहेत, त्या न सांगणं बरोबर नाही. डायबेटिसमध्ये एमआयचे निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या आणि डायबेटिस असलेल्या बायकांवर एक अभ्यास २००७ मध्ये आला, त्यात वजन कमी करायच्या प्रोग्रॅमला एमआय जोडलं त्यांचं वजन जास्त उतरलं. खाण्यापिण्यात फरक पडल्याचे अभ्यास आहेत. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, ती काही अभ्यासांत सुधारली आणि काहींत काहीच फरक पडला नाही. यातलं बरंचसं बोलणारा माणूस किती तयार आहे त्यावर असतं असं मला वाटतं. आणि काही वेळा विचारत बसायचंच नसतं. पायाला जखम आहे आणि काळी पडतेय, सरळ सांगायचं आजच हॉस्पिटलला जा. शुगर ७० च्या खाली, घाम सुटलाय, आधी साखर-पाणी. टाइप वनच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा मुलाचं इन्सुलिन हा आकडे विचारून ठरवायचा विषय नाही, ते घ्यावंच लागतं, तिथे कसं आणि कधी एवढंच विचारता येतं. गोळ्यांची किंमत परवडत नसेल तर ती नुसत्या बोलण्याने सुटत नाही, सरकारी केंद्रात कुठल्या गोळ्या फुकट मिळतात ते सांगायला पाहिजे आणि त्या तिथे असायलाही पाहिजेत.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहिलं ते. हे सगळं परदेशातलं आहे, आपल्याकडे कोण करणार, वेळ कुठे आहे, असं कोणी म्हणेल तर त्याने आपल्याच गोव्यात काय झालंय ते बघावं. पर्वरीच्या संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दहा केंद्रांत, जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी एक काउन्सेलिंग तपासलं, त्याचा पाया एमआयचाच होता. बोलणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते, आपल्यासारखीच इथली माणसं, शिकवून तयार केलेली. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी बघितलं तर ज्यांना हे काउन्सेलिंग मिळालं त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेले, ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यातले २६ टक्के. लॅन्सेटमध्ये छापून आलंय हे. म्हणजे दारूसारख्या विषयात, जिथे घरातलं कोणी धड बोलत नाही, तिथे आपल्या केंद्रात, आपल्या भाषेत, आपल्या माणसांनी हे करून दाखवलं. मग डायबेटिससाठी का नाही? डायबेटिसमध्ये तर माणूस दर महिन्याला स्वतःहून दारात येतो.

माझी आरोग्य खात्याला विनंती आहे की आरोग्य केंद्रांत बीपी-शुगरची ओपीडी असते त्या दिवशी एक शिकवलेली नर्स किंवा काउन्सेलर फक्त बोलण्यासाठी मोकळी ठेवावी. सगळ्या पेशंटसाठी नको, जमणार नाही, नवीन शुगर निघाली त्यांच्यासाठी, पहिल्यांदा इन्सुलिन लिहिलंय त्यांच्यासाठी आणि ज्यांची शुगर गोळ्या वाढवूनही उतरत नाही त्यांच्यासाठी, प्रत्येकी वीस मिनिटं. आणि बसायला वेगळी जागा पाहिजे, पडदा लावून चालत नाही, रांगेतल्या बाईला सगळं ऐकू जातं आणि ती शेजारच्याच वाड्यावरची असते. आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे दार बंद होणारी खोली ही यातली सगळ्यात महाग गोष्ट असेल, बाकी कुठलं मशीन लागत नाही.

ट्रेनिंगबद्दल एक काळजी वाटते. दोन दिवसांचं वर्कशॉप, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, एवढ्यावर थांबू नये. मिलरनी हेही तपासलंय, नुसत्या वर्कशॉपने माणसाला वाटतं आपल्याला जमलं पण त्याच्या पेशंटशी बोलण्यात फारसा फरक पडत नाही, आणि ज्यांना नंतर त्यांचंच बोलणं ऐकवून कोणीतरी दाखवत राहतं त्यांचंच कौशल्य टिकतं. संगाथच्या काउन्सेलरांनी हेच केलं होतं, पेशंटच्या परवानगीने बैठक रेकॉर्ड करायची आणि मग आपापसात बसून एकमेकांचं ऐकायचं, इथे तू घाई केलीस, इथे चांगलं थांबलास. नर्सना महिन्यातून एक दुपार यासाठी दिली तर होण्यासारखं आहे, आणि ती दुपार ड्युटीत धरायला पाहिजे, घरच्या वेळात नको.

घरच्या लोकांनाही एक सांगायचंय. बापाच्या ताटातून भात उचलून घेणारी मुलं आणि सासूचा डबा तपासणाऱ्या सुना मी रोज बघतो, ते प्रेमानेच करतात, भीतीने करतात. पण त्यातून एवढंच होतं की बाप बाजारात जाऊन मिक्स भजी खातो आणि सासू लाडू कपाटात ठेवते. उद्या एकदा जेवणावरून काही न बोलता नुसतं विचारून बघा, बाबा, शुगरचं तुम्हाला सगळ्यात जास्त कंटाळवाणं काय वाटतं? आणि उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका, ते बोलून होईपर्यंत थांबा. काय ऐकायला मिळेल याची तुम्हाला कल्पना नसेल. एका मुलाने मला येऊन सांगितलं की बाबांना सुईची भीती नाहीय, त्यांना जेवताना सगळे आपल्या ताटाकडे बघतात त्याचा त्रास होतो, आता आम्ही सगळेच एकसारखं वाढून घेतो.

आणि आम्हा फार्मसीवाल्यांना या ट्रेनिंगमध्ये घ्या. पेशंट डॉक्टरकडे दोन-तीन महिन्यांनी जातो, आमच्याकडे दर दहा-पंधरा दिवसांनी येतो, अर्ध्या गोळ्या कोण घेतो हे आमच्याच बिलबुकात दिसतं. आमच्या तालुक्यातल्या पाच-सहा जणांशी मी बोललोय, सगळे यायला तयार आहेत, दुपारी एक ते चार दुकानं बंदच असतात तेव्हा ठेवलं तर कोणाचं गिऱ्हाईकही चुकणार नाही. आरोग्य खात्यातल्या कोणी हे वाचलं आणि पुढे काही करायचं ठरवलं तर जागेचं आम्ही बघू.

आपला,
एक फार्मासिस्ट, डिचोली